विनामूल्य कुलुपांचा बुधवार

परोपकार करण्यापूर्वी मनुष्याने आपला व्यवसाय कोणता आहे हे एकदा नीट पाहून घ्यावे, असे माझे आता ठाम मत झालेले आहे. पाव भाजणाऱ्याने उरलेले पाव वाटले, तर लोक त्यास दानशूर म्हणतात. न्हाव्याने वृद्धांचे केस विनामूल्य कापले, तर त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. परंतु कुलुपे दुरुस्त करणाऱ्या मनुष्याने "मी घरी येऊन तुमचे कुलूप फुकट पाहतो" असे नुसते म्हटले, तरी समोरच्याचा हात आपोआप स्वतःच्या खिशातील किल्लीकडे जातो. गेल्या दोन महिन्यांत तो हात मी इतक्या वेळा पाहिला, की आता गिऱ्हाइकाचा चेहरा विसरतो, हात लक्षात राहतो.

वास्तविक ही कल्पना माझी नव्हे. आमच्या व्यापारी मंडळाच्या सभेत एक पाहुणे व्याख्याते आले होते. त्यांनी सांगितले, की दुकान चालवणे म्हणजे केवळ विकणे नव्हे. समाजाकडून जे मिळते त्यातील काही समाजास परत देणे, हा दुकानदारीचाच एक भाग समजावा, सकाळी दुकान झाडतो तितकाच नित्याचा. हे वाक्य मला असे भिडले, की मी ते किल्लीच्या पाकिटावर टिपून घेतले. शेजारच्या दुकानातील शिंपी माझ्या बाजूस बसून डोळे मिटून ऐकत होता. तो ऐकत नव्हता, हे मागाहून त्याच्या घोरण्यावरून समजले.

"त्यांनी स्वतः काय परत दिलं?" बाहेर पडताना शिंप्याने विचारले.

"विचार दिला."

"हां. तो स्वस्त पडतो."

शिंप्याच्या या उद्गारातच माझ्या पुढील सर्व विटंबनेचे बीज होते. पण त्या वेळी मी भारावलेला होतो.

येथे माझ्या दुकानाचा एक नियम सांगणे अगत्याचे आहे. नवी किल्ली घासताना आधी एक कच्ची किल्ली तयार होते. तिच्यावर माप पाहून मग पक्की करतात. पक्की लागली, की कच्ची किल्ली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पकडीने मोडायची आणि तुकडे डब्यात टाकायचे. हा नियम वडिलांनी घालून दिला. ते म्हणत, "आपण किल्ल्या विकत नाही रे. दुसरी किल्ली आपल्याकडे नाही, ही खात्री विकतो." तीस वर्षांत माझ्या नावावर कोणी बोट ठेवलेले नव्हते. लोक परगावी जाताना घराच्या किल्ल्या माझ्या खणात ठेवून जात. ते नाव हीच काय ती माझी इस्टेट, आणि या कथेत पणास लागली ती तीच.

घरी मी बेत सांगितला. सौभाग्यवती भांडी पुसत होती.

"अहो, फुकट कशाला? निम्म्या दरात करा."

"अगं, परत द्यायचं म्हणजे मोबदला कसा घ्यायचा?"

"निम्म्या दरावर लोक विश्वास ठेवतात," ती म्हणाली. "फुकट म्हटलं की मी तरी आधी दार लावून घेईन."

स्त्रियांची दृष्टी व्यवहारी असते, असे म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. (हे वाक्य मी त्यानंतर पुन्हा कधी उच्चारलेले नाही.) दुसऱ्याच दिवशी स्वहस्ते फलक रंगवून दुकानावर लावला: "एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची कुलुपे दर बुधवारी घरी येऊन विनामूल्य तपासून व दुरुस्त करून मिळतील. कृपया आपला पत्ता द्यावा."

शिंपी सुईत दोरा ओवता ओवता थांबला. त्याने फलक दोनदा वाचला.

"किल्लीवाले, तुम्ही म्हाताऱ्यांना विचारताय, की एकटे राहता का, कुलूप बिघडलंय का, आणि पत्ता काय?"

"होय. सेवेसाठी ते आवश्यक आहे."

"चोरसुद्धा एवढं स्पष्ट लिहीत नाही हो."

तथापि मी फलक काढला नाही. उलट, काम नियमास धरून असावे, म्हणून परवानगी घेण्यास प्रभाग कार्यालयात गेलो. तेथील कारकुनाने मला एक अर्ज दिला. त्यात "लाभाचे स्वरूप" असा रकाना होता. मी "लाभ नाही" असे लिहिले.

"असं चालत नाही," कारकून म्हणाला. "लाभ नाही, तर करताय कशाला?"

"सद्हेतूने."

"ते सगळेच लिहितात. बरं, मागच्या पानावर लाभार्थींची यादी जोडा. नाव, पत्ता, घरात किती माणसं, कुलूप कोणत्या प्रकारचं, बिघाड काय. तीन प्रती."

मी नम्रपणे निदर्शनास आणले, की एकट्या वृद्धांच्या बिघडलेल्या कुलुपांची पत्त्यांसह यादी हा कागद एखाद्या चोरास फार मोलाचा वाटेल.

"म्हणून तर आम्ही तो कुलूपबंद कपाटात ठेवतो," कारकून म्हणाला आणि त्याने मागच्या कपाटाकडे बोट केले. कपाटास सुतळी बांधलेली होती. "कुलूप महिन्यापूर्वी बिघडलंय. तुमची सेवा फुकटच आहे ना? बघता का जरा?"

मी पाहिले. दुरुस्तही केले. तोपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि माझा अर्ज त्याच कपाटात ठेवून कारकुनाने ते माझ्यादेखत बंद केले. माझ्या विनामूल्य सेवेचा पहिला लाभार्थी अशा रीतीने शासकीय निघाला.

पहिल्या बुधवारी कोणी आले नाही. दुसऱ्या बुधवारी एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले. मी उठून त्यांस खुर्ची दिली.

"कुणी कुणी पत्ता दिला?" त्यांनी विचारले.

"अद्याप कोणीच नाही."

"शहाणे आहेत," असे म्हणून ते निघून गेले.

येथवरही हरकत नव्हती. परंतु पुढे माझी नेहमीची गिऱ्हाइकेही माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागली. एका बाईंनी किल्ली निम्मी घासून झाली असताना मूळ किल्ली परत मागितली. दुसऱ्या एकाने कच्ची किल्ली मोडल्यावर तिचे तुकडे रुमालात बांधून नेले. खणात ठेवलेल्या किल्ल्या एकेक करून परत नेल्या जाऊ लागल्या. प्रत्येकजण "अहो, सहज" म्हणून नेत होता, आणि जो मनुष्य "सहज" म्हणतो त्याच्या मनात काय आहे हे मला तीस वर्षांच्या अनुभवाने कळते.

अशातच पलीकडच्या गल्लीत एका घराचे कुलूप फोडून चोरी झाली. लोक माझ्या दुकानासमोरून जाताना आवाज खाली आणून बोलू लागले. शेवटी न राहवून मी चार लोकांना थांबवले आणि तर्कशुद्ध रीतीने समजावले, "हे पाहा, ते कुलूप फोडलेले आहे. मी असतो तर मला फोडावे लागले नसते."

माझ्या आयुष्यात मी अनेक वाक्ये बोललो असेन, पण इतके नुकसानकारक दुसरे नाही.

त्याच दिवशी हवालदार आले. त्यांनी फलक वाचला, दुकान न्याहाळले, आणि त्यांची दृष्टी मोडक्या किल्ल्यांच्या डब्यावर स्थिरावली.

"या एवढ्या किल्ल्या कुणाच्या?"

"साहेब, त्या मोडलेल्या आहेत. तेच आमचं इमान आहे."

"इमान डबाभर आहे म्हणजे." त्यांनी डबा हलवून पाहिला. "हे बघा, तक्रार नाही अजून कुणाची. पण लोक बोलतात. पुढच्या बुधवारपर्यंत एका तरी प्रतिष्ठित माणसाचं लेखी आणून द्या, की तुम्ही त्यांच्या घरी गेलात, कुलूप दुरुस्त केलंत आणि काही गेलं नाही. नाहीतर फलक काढा, आणि दुकानातल्या सगळ्या मापांची नोंद चौकीत करा."

फलक काढणे म्हणजे लोकांच्या संशयावर स्वतःच शिक्का मारणे. ज्याने फलक काढला, त्याच्याकडे घराची किल्ली कोण ठेवणार? मी विचार केला, की आपल्या भागात ज्यांच्या शब्दावर सर्वांचा विश्वास आहे, असे कोण आहे? उत्तर एकच होते, आणि नेमके तेच मला नको होते.

गल्लीच्या टोकास बाई राहत. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या शब्दास वजन होते, कारण त्यांचा स्वतःचा कोणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्याकडून दूध घेताना त्या त्यालाच आधी एक घोट प्यायला लावीत. मी सहावीत आणि बाई आमच्या वर्गशिक्षिका असताना वर्गाचे कपाट उघडे सापडले व खडूंची नवी पेटी नाहीशी झाली. वर्गात बेचाळीस मुले होती. बाईंनी कोणास काही विचारले नाही. फक्त एक भुवई वर करून माझ्याकडे पाहिले, कारण मी किल्लीवाल्याचा मुलगा. मग बेचाळीस मुलांनी पाहिले. (एक्केचाळीस म्हणणे योग्य होईल, पण मलाही क्षणभर माझा संशय आला होता.) पुढे सातवीच्या निम्म्यावर मी शाळा सोडून दुकानात आलो. माझे उर्वरित शिक्षण रद्दीतील ग्रंथांवर झाले.

मंगळवारी संध्याकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊन बाईंच्या दाराशी उभा राहिलो. खिडकीच्या गजांमागून चष्मा दिसला.

"तू का? ते फुकटवालं तूच काढलंयस ना?"

"होय बाई. आपल्या दाराचं कुलूप तपासावं म्हणून..."

"दाराचं नाही. माझ्या कपाटाचं अडतंय." बाईंनी चष्मा सारखा करून मला न्याहाळले. "कपाट म्हटल्यावर कान लाल झाले तुझे."

"बाई, पिशवी घेऊन येऊ?"

"पिशवी पायरीवर. तू मोकळ्या हातांनी आत ये. आधी बिघाड काय तो सांग, मग एकेक हत्यार मी आणून देईन."

मी आत गेलो. बाईंनी दार लावले, कडी घातली, आणि कोनाड्यातून एक भले मोठे कुलूप काढून आतल्या कडीला अडकवले. खट्.

"आतून कुलूप?" मी विचारले.

"तू काही घेऊन पळालास तर?"

अपमान गिळून मी कपाटाचे कुलूप पाहिले. त्यास काहीच झालेले नव्हते. बाईंनी त्यात स्वयंपाकाचे तेल सोडले होते. स्वयंपाकाचे तेल कुलपात दोन दिवस गुळगुळीत चालते आणि मग धूळ धरून त्याचा लगदा होतो. कुलपास पेन्सिलीच्या शिशाची भुकटी घालावी, हे मी शेकडो लोकांना सांगितले आहे.

"आणखी कशाकशात तेल घातलंत बाई?"

"सगळ्यांत," बाई म्हणाल्या आणि पिशवी आणण्यासाठी दाराच्या कुलपात किल्ली घालून फिरवू लागल्या. किल्ली फिरेना. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. कट् असा आवाज झाला आणि बाईंच्या हातात बिनदाताची किल्ली आली.

आम्ही दोघेही त्या किल्लीकडे पाहत राहिलो.

"हे तू मुद्दाम केलंस," बाई म्हणाल्या.

मी खिडकीतून शिंप्यास हाक मारली. शिंपी आला, त्याच्यामागे आणखी दहा-बारा लोक आले, आणि कोणीतरी इतक्या तत्परतेने हवालदारांना आणले, की तितकी तत्परता खऱ्या चोरीच्या वेळी दिसली नव्हती. सौभाग्यवतीही आली. तिने खिडकीतून मला पाहिले आणि एवढेच विचारले, "निम्मा दर लावला असता तर?"

"ती पायरीवरची पिशवी गजांतून आत द्या," मी विनवले. "एक पकड आणि एक तार दिली तरी पुरे."

शिंप्याने पिशवीस हात घातला, पण हवालदारांनी तो अडवला. "मुद्देमालाला हात लावायचा नाही."

"अहो, मुद्देमाल कसला? गुन्हाच झालेला नाही!"

"बाई आत, तुम्ही आत, दाराला आतून कुलूप. झालंय काय ते आधी ठरू दे. नाहीतर दार तोडतो."

"माझ्या दाराला हात लावलात तर वरपर्यंत तक्रार करीन," बाई आतून कडाडल्या. हवालदार दोन पायऱ्या खाली उतरले. तेही त्याच शाळेचे विद्यार्थी होते.

वास्तविक ते कुलूप उघडणे मला अवघड नव्हते. बाईंच्या अंबाड्यात दोन आकडे खोवलेले दिसत होते. एका आकड्याने ताण द्यायचा, दुसऱ्याने आतल्या पट्ट्या एकेक वर उचलायच्या, मिनिटाभराचे काम. परंतु वाचकहो, माझी अवस्था ध्यानी घ्या. कुलूप उघडले नाही, तर ज्यास स्वतःला बाहेर काढता येत नाही असा किल्लीवाला म्हणून मी हास्यास्पद ठरणार. आणि उघडले, तर एकट्या वृद्धेच्या घरात मी केसांच्या आकड्याने कुलूप उघडतो, हे पंधरा साक्षीदार व एक हवालदार यांच्यासमक्ष सिद्ध होणार. तीस वर्षांचे नाव एका आकड्यावर लोंबकळत होते.

तेव्हा मला जे सुचले, ते कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. मी खिडकीशी गेलो, दोन्ही हात गजांतून बाहेर काढले आणि म्हणालो, "हवालदारसाहेब, हे धरा."

त्यांनी दोन्ही मनगटे घट्ट पकडली.

"बाई," मी मान न वळवता म्हणालो, "केसांतले दोन आकडे काढा. कुलूप तुम्ही उघडणार आहात."

"मी? शिकवणार कोण?"

"मी."

मागे कुलूप किंचित वाजले. माझी पाठ दाराकडे, हात शासनाच्या ताब्यात, आणि लक्ष सगळे कानांत.

"आधी कुलूप उपडं करून हलवा, म्हणजे मोडका दात खाली पडेल. पडला? आता एक आकडा खाली घालून उजवीकडे हलका ताण द्या. दुसऱ्याचं टोक वाकवून पहिली पट्टी वर उचला."

"किती वर?"

"मूल खोटं बोलतंय असं वाटलं, की तुमची भुवई जेवढी वर जायची, तेवढी."

मागे टक् असे वाजले. दुसरी पट्टी दोनदा निसटली. बाई जवळजवळ कुजबुजत बोलू लागल्या. खिडकीबाहेर ऐकू जाणार नाही, इतक्या हळू.

"ते कपाट तू उघडलं नव्हतंस."

"कोणतं?"

"सोंग करू नकोस. खडूंची पेटी वह्यांच्या गठ्ठ्यातून माझ्याच घरी आली होती. कपाट मीच उघडं टाकलेलं. दोन दिवसांनी सापडली."

माझे हात हवालदारांच्या हातांत सैल पडले. "का हो, चक्कर येतेय का?" त्यांनी विचारले. मी मान हलवली.

"मग वर्गात सांगितलं का नाहीत, बाई?"

"मुख्याध्यापिका व्हायचं होतं मला." टक्. दुसरी पट्टी बसली. "खडू गुपचूप परत ठेवले मी. तुझं तेवढं परत द्यायचं राहिलं."

मी म्हणालो, "तिसरी पट्टी जरा अलगद."

खट् असा आवाज झाला, कडी सरकली, आणि बाई दोन आकडे हातात धरून, अंबाडा सुटलेल्या अवस्थेत दारात प्रकट झाल्या. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक बाईंकडे पाहत होते, आणि प्रत्येकाचा हात हळूहळू खिशातील किल्लीकडे जात होता.

"बाई, हे तुम्ही आधी कधी केलं होतंत का?" हवालदारांनी जपून विचारले.

"मला पूर्वीपासूनच शंका होती," शिंपी माझ्या कानाशी पुटपुटला. कोणाची, ते त्याने सांगितले नाही.

बाईंनी तेथेच पायरीवर बसून लेखी दिले: "सदर इसमाने माझ्या घरातील कोणत्याही वस्तूस हात लावला नाही. कुलूप उघडताना त्याचे हात पूर्ण वेळ पोलिसांकडे होते." हवालदारांनी ते वाचून खाली सही केली, कारण ते खरेच होते.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मी दुकान उघडतो तो बाई स्वतःचे स्टूल घेऊन दारात हजर. त्यांनी फलक वाचला, खडूने "पत्ता द्यावा" खोडले आणि खाली लिहिले, "बाईंच्या देखरेखीखाली." दुपारपर्यंत सात वृद्ध आले, काठीवाले गृहस्थही आले. मी ज्या ज्या घरी गेलो, त्या त्या घरी बाई माझ्यामागे स्टूल घेऊन आल्या. कच्ची किल्ली मोडली, की त्या तुकडे जुळवून पाहत आणि मगच मान हलवत. लोक निर्धास्त झाले. दारी येणाऱ्या दुधावरही ज्या बाईंचा विश्वास नाही, त्यांच्यासमोर कोण काय फसवणार? पंधरा दिवसांत माझ्या खणात किल्ल्या परत येऊ लागल्या. "अहो, सहज" म्हणूनच आल्या.

परंतु तिसऱ्या बुधवारी माझ्या मनात एक विचार शिरला. या बाई दर बुधवारी येतात, दिवसभर कडक स्टुलावर बसतात, चहासुद्धा स्वतःच्या घरून आणतात. त्यांना यातून मिळते काय? शिवाय आकड्याने कुलूप उघडणे त्यांना आता येते, आणि बसतात त्या नेमक्या किल्ल्यांच्या खणाजवळ.

शिंप्याचे मत पडले, "फुकट कोण बसतं हो? काहीतरी असणार."

"तुम्ही फुकटच बसलात की महिनाभर," सौभाग्यवती म्हणाली. तिच्या बोलण्यात तथ्य होते, म्हणूनच मी तिकडे लक्ष दिले नाही. मंगळवारी मी खणास नवे कुलूप जुळवले. आकड्यास दाद न देणारे, आठ पट्ट्यांचे. किल्लीही स्वतः घासली.

बुधवारी बाई आल्या, स्टूल टेकले, बसल्या, आणि त्यांची नजर खणाकडे गेली.

"नवीन आहे."

"होय. जुनं जरा..."

"जुनं चांगलं होतं." त्यांची भुवई वर गेली. पहिल्या पट्टीएवढी. पण या वेळी त्या रागावल्या नव्हत्या. त्या नुसत्या खणाकडून माझ्या कानांकडे पाहत राहिल्या, आणि माझे कान सहावीतल्यासारखे तापले. फरक इतकाच, की या खेपेस संशय घेणारा मी होतो.

मला स्वतःची लाज वाटली. मी पुढे झालो, कमरेची किल्ली सोडली आणि बाईंच्या हातात दिली. "बाई, ही तुमच्याकडे राहू दे."

बाईंनी ती चष्म्यासमोर धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली, कुलपास लावून एकदा फिरवली आणि तेल नाही ना याची बोटाने खात्री केली. मग मान वर करून विचारले,

"आणि हिची कच्ची कुठं आहे?"

ती माझ्या खिशात होती.